व्हेनिसमध्ये एकट्याने एक दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

युरोपच्या सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो आणि तो बहुतेक जण सारख्याच रीतीने घालवतात. दहा वाजता रेल्वेतून उतरायचे, गर्दीबरोबर रिआल्तोच्या पुलापर्यंत सरकत जायचे, भर दुपारी सान मार्कोच्या चौकात रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी दमून परतायचे. एकट्या प्रवाशाला हा क्रम उलटा करणे सोपे जाते, कारण कोणाची न्याहारी किंवा कोणाची खरेदी संपण्याची वाट त्याला पाहावी लागत नाही. खाली दिलेली आखणी दोन गोष्टींवर बेतलेली आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही वेळ दिवसापुरत्या येणाऱ्या गर्दीची असते, म्हणून त्या वेळात शक्य तितके आडबाजूच्या भागांत राहावे. दुसरे असे की, या शहरातील जुन्या वाड्यांची तोंडे रस्त्याकडे नसून पाण्याकडे आहेत. त्यामुळे दिवसाचा काही भाग पायी आणि काही भाग बोटीतून काढल्याशिवाय शहराची रचना ध्यानात येत नाही.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकांना इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. शहरात येण्याचे शुल्क मात्र अनेकांना ठाऊक नसते. २०२४ पासून वसंत आणि उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, मुक्काम न करता केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून हे शुल्क घेतले जाते. २०२५ मध्ये आधी नोंदणी करणाऱ्यांना ते ५ युरो आणि अगदी शेवटच्या दिवसांत नोंदणी करणाऱ्यांना १० युरो असे होते. शहरात मुक्काम असणाऱ्यांना शुल्क माफ असले, तरी त्यांना तशी नोंद करावी लागते. आपली तारीख त्या यादीत आहे का, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे आणि नोंदणीनंतर मिळणारा कोड मोबाइलमध्ये जपून ठेवावा.

मुक्काम व्हेनिसच्या बेटावर करायचा की मेस्त्रे येथे, हा पुढचा प्रश्न. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरील उपनगर आहे. तेथे खोल्या स्वस्त मिळतात आणि रेल्वेने बेटावर यायला दहा-बारा मिनिटे लागतात. एका दिवसासाठी ही सोय पुरेशी आहे. फक्त बेटावरील स्थानकाचे नाव ‘व्हेनेत्सिआ सांता लुचिआ’ आणि उपनगरातील स्थानकाचे ‘व्हेनेत्सिआ मेस्त्रे’ असे आहे, हे लक्षात ठेवावे. दोन्ही नावांत व्हेनेत्सिआ असल्यामुळे पहिल्यांदा येणारे पुष्कळ जण मेस्त्रेलाच उतरून पडतात.

सामान शक्य तितके कमी असावे. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. चाकांची बॅग तेथे ओढत नेता येत नाही, ती उचलूनच न्यावी लागते. मोठी बॅग असेल तर स्थानकावरील सामानघरात ठेवावी. सान मार्कोच्या बॅसिलिकात, म्हणजे तेथील भव्य चर्चमध्ये, मोठ्या पिशव्या नेऊ देतही नाहीत. त्या मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, म्हणून उन्हाळ्यातही एक ओढणी किंवा पातळ सदरा जवळ ठेवावा. बॅसिलिकाचे तिकीट वेळेसह आधीच काढावे आणि पहिली वेळ निवडावी. पर्यटकांसाठी ती सामान्यतः साडेनऊला उघडते. रविवारी मात्र सकाळी उपासना असते आणि दर्शन दुपारनंतर सुरू होते.

वाटांची नावे

नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला असला, तरी अरुंद बोळांत उंच भिंतींमुळे त्यावरील आपला ठिपका हमखास भलतीकडे सरकतो. त्यापेक्षा भिंतींवरच्या पांढऱ्या चौकटींत रंगवलेली नावे वाचता येणे अधिक उपयोगाचे ठरते. येथे सात-आठ शब्द पुरतात. ‘काल्ले’ म्हणजे गल्ली किंवा बोळ. ‘रिओ’ म्हणजे छोटा कालवा. कालव्याच्या काठाने जाणाऱ्या फरसबंद वाटेला ‘फोंदामेन्ता’ म्हणतात. तिच्या एका बाजूला घरे आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा, म्हणून अशी वाट इतरांपेक्षा रुंद आणि वळणदार दिसते. घराखालून बोगद्यासारखी जाणारी वाट ‘सोतोपोर्तेगो’ आणि बंदिस्त आवार ‘कोर्ते’. चौकाला ‘काम्पो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः शेत. ‘पियात्सा’ हा मान सबंध शहरात एकट्या सान मार्कोच्या चौकाला आहे.

शहराचे सहा भाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, दोर्सोदुरो आणि सांता क्रोचे. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून सबंध भागाचे सलग असतात, त्यामुळे ते चार-पाच हजारांच्या घरात जातात आणि नवख्याला पत्ता शोधण्यासाठी त्यांचा काहीही उपयोग होत नाही. वाट हरवली तर जवळचा काम्पो गाठावा आणि कोपऱ्यांवरील पिवळ्या पाट्या पाहाव्यात. ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’ आणि रेल्वे स्थानकासाठी ‘आल्ला फेर्रोव्हीआ’ एवढ्या तीन पाट्या ओळखता आल्या, की कुठूनही परतीची दिशा सापडते. एखादी गल्ली थेट पाण्यात जाऊन संपली, तर पुढे पूल नाही असे समजून मागे वळावे.

येथे सुरक्षेची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बहुतेक कालव्यांना कठडे नाहीत, आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या भरती-ओहोटीमुळे दिवसातून दोनदा भिजून शेवाळतात. कोकणातल्या धक्क्यांवर वावरलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, पण छायाचित्रासाठी हिरव्या पायरीवर पाऊल ठेवणारे पर्यटक येथे रोज दिसतात. एकटे असताना असे घसरणे फार महागात पडते. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक आहे. रुग्णवाहिकासुद्धा बोटच असते.

सकाळी सात ते अकरा

सातच्या सुमारास सांता लुचिआ स्थानकावर उतरावे. बाहेर पडताच पायऱ्यांखाली ग्रँड कॅनाल हा मुख्य कालवा दिसतो. समोर बोट उभी असेल, पण या वेळी तीत बसू नये. डावीकडे वळून चालायला लागावे. लिस्ता दी स्पान्या, पुढे स्त्रादा नोव्हा ही रुंद वाट आणि मग रिआल्तो, असा हा रस्ता रमतगमत चाळीस-पन्नास मिनिटांत सान मार्कोला पोहोचतो. या वेळी वाटेत जे दिसते ते दहा वाजल्यानंतर दिसत नाही. भाजीच्या पेट्या, पाण्याच्या बाटल्या, हॉटेलांच्या चादरी, सिमेंटच्या गोण्या असे सर्व काही सपाट बुडाच्या बोटींतून उतरते आणि तेथून पुढे माणसे हातगाड्या ओढत पुलांच्या पायऱ्यांवरून नेतात. कचराही बोटीनेच जातो. मोटारगाड्यांशिवाय एक सबंध शहर कसे चालते, याचे सर्वात चांगले दर्शन या तासाभरात घडते. हातगाडी मागून आली तर भिंतीला लागून उभे राहावे. चालताना उजवी बाजू धरावी आणि अरुंद पुलावर थांबू नये.

रिआल्तोचा पूल या वेळी जवळजवळ मोकळा असतो. १५८८ ते १५९१ या काळात आंतोनिओ दा पोन्ते याने तो एकाच दगडी कमानीवर उभारला आणि १८५४ पर्यंत ग्रँड कॅनालवर हा एकमेव पूल होता. मध्यभागी उभे राहून दोन्ही दिशांचे पाणी पाहून घ्यावे.

सान मार्कोच्या चौकात साडेआठच्या आत पोहोचलात, तर बॅसिलिका उघडेपर्यंत बाहेरचे सर्व पाहायला वेळ मिळतो. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी संत मार्क, म्हणजेच सान मार्को, यांचे अवशेष अलेक्झांड्रियाहून येथे आणले. आजची इमारत अकराव्या शतकातील असून १०९४ मध्ये तिचे पावनीकरण झाले. दर्शनी भागावरचे चार घोडे प्रतिकृती आहेत. मूळ घोडे आत संग्रहालयात आहेत: १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आलेले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेलेले आणि १८१५ मध्ये परत मिळालेले. आतील सोनेरी मोझेइकचे क्षेत्र आठ हजार चौरस मीटरहून अधिक आहे. संग्रहालयाचे वेगळे तिकीट घेऊन वरच्या सज्जावर अवश्य जावे, कारण मोझेइक जवळून तेथूनच दिसतात.

चौकाच्या पाण्याकडील टोकाला, दोन खांबांच्या उजव्या हाताला, सोळाव्या शतकातील टांकसाळीची दगडी इमारत आहे. पर्यटक तिच्याकडे पाहतही नाहीत. मराठी माणसाने मात्र तेथे थांबावे. आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेतली ‘पुतळी’ हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला मिळालेले होते. त्या नाण्याच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे या गणराज्याचा निवडलेला प्रमुख, आणि दुसऱ्या बाजूला उभा येशू असे. त्या मनुष्याकृतींवरून ते पुतळी झाले. १२८४ पासून पाडले गेलेले, सुमारे साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचे हे नाणे मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येत राहिले. आजीच्या गळ्यातील दागिन्याचे नाव या भिंतींआड पाडलेल्या नाण्यावरून आले आहे, ही जाणीव मला त्या चौकातील कोणत्याही मनोऱ्यापेक्षा मोठी वाटते.

शेजारचा डोजचा राजवाडा भव्य आहे, पण तो नीट पाहायचा तर दोन-तीन तास जातात. एका दिवसात बॅसिलिका आणि राजवाडा या दोहोंपैकी एकच आतून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पहिल्या भेटीत मी बॅसिलिका निवडेन. चौकात कॉफीसाठी टेबलाशी बसण्यापूर्वी दर वाचावेत. संगीत चालू असल्यास त्याचे पैसेही बिलात धरले जातात. कबुतरांना दाणे टाकणे आणि पायऱ्यांवर बसून खाणे या दोन्हींना दंड आहे.

अकरा ते दोन: बाजार आणि जेवण

साडेदहाच्या सुमारास चौक भरू लागला, की उत्तरेकडे निघावे. रिआल्तोचा पूल पुन्हा न ओलांडता त्याच्या पुढे स्त्रादा नोव्हावर सांता सोफिया नावाचा छोटा काम्पो आहे. तेथून ‘त्रागेत्तो’ ही उतारूंना पलीकडे नेणारी होडी थेट मासळी बाजारापाशी सोडते. ही होडी म्हणजे दोन नावाडी चालवत असलेला साधा, बिनसजावटीचा गोंडोलाच. भाडे परगावच्या माणसाला २ युरो असते आणि ते सुटे रोख द्यावे लागते. चढताना मधोमध पाय ठेवावा आणि नावाडी सांगेल तसे बसावे किंवा उभे राहावे.

एकट्या प्रवाशासाठी या होडीचे विशेष महत्त्व आहे. गोंडोलाच्या फेरीचे दर महापालिकेने ठरवलेले आहेत, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो; पण हा दर माणशी नसून होडीमागे आहे. पाच जणांत तो वाटला जातो, एकट्याला सगळाच भरावा लागतो. तेवढी हौस असेल तर जरूर करावी, मात्र दर आणि वेळ बसण्यापूर्वी बोलून घ्यावी. नसेल, तर पाण्याच्या पातळीवरून ग्रँड कॅनाल पाहण्याचा अनुभव त्रागेत्तोतही मिळतो.

मासळी बाजार मंगळवार ते शनिवार सकाळी भरतो आणि दुपारी बारानंतर उठू लागतो; रविवारी व सोमवारी तो बंद असतो. शेजारी भाजी आणि फळांचा बाजार आहे. फळे स्वतः हाताळू नयेत, विक्रेत्याला दाखवून मागावीत.

बाजारामागच्या गल्ल्यांत ‘बाकारो’ नावाची छोटी मद्यगृहे आहेत आणि एकट्याने जेवण्यासाठी यांहून सोयीची जागा नाही. येथे टेबल धरून बसायचे नसते. फळीवर मांडलेल्या ‘चिकेत्ती’ बोटाने दाखवून दोन-तीन घ्यायच्या, उभ्यानेच खायच्या आणि पुढच्या बाकारोकडे वळायचे. त्यामुळे एकटे बसून जेवण्याचा संकोच उरत नाही. चिकेत्ती म्हणजे पावाच्या छोट्या कापांवर किंवा काडीला लावून दिलेले पदार्थ. सुकवलेला कॉड मासा तेलात घोटून लोण्यासारखा केलेला ‘बाक्काला मान्तेकातो’ आणि कांदा, व्हिनेगर, बेदाणे घालून मुरवलेली तारली, म्हणजे ‘सार्दे इन साओर’, हे दोन पदार्थ मासे खाणाऱ्याने चुकवू नयेत. वाइनच्या छोट्या पेल्याला ‘ओम्ब्रा’, म्हणजे सावली, म्हणतात. शाकाहारी मंडळींनी ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे दोन्ही सांगावे, कारण भाजीच्या पदार्थावरही खारवलेल्या बारीक मासळीचा तुकडा असू शकतो. आर्टिचोक, वांगी, चीज आणि अंडे यांचे प्रकार सहसा मिळतात. टेबलाशी बसून जेवल्यास माणशी ‘कोपेर्तो’ नावाचा आकार बिलात येतो. ती फसवणूक नव्हे. पाणी विकत घेण्याची गरज नाही. अनेक चौकांत पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत, बाटली तेथे भरून घ्यावी.

दुपार: दोर्सोदुरोच्या बाजूला

आता गर्दी रिआल्तो आणि सान मार्को यांच्या मध्ये दाटलेली असते. आपण नैर्ऋत्येकडे निघावे. वाटेत फ्रारीचे चर्च आहे. मुख्य वेदीवर तित्सिआनोने रंगवलेले मेरीच्या स्वर्गारोहणाचे भव्य चित्र १५१८ मध्ये येथे बसवले गेले आणि मधला काही काळ सोडता आज पुन्हा त्याच जागी आहे. ज्या भिंतीसाठी चित्र काढले तेथेच ते उभे राहून पाहण्याचा योग संग्रहालयात येत नाही, म्हणून प्रवेशशुल्क देऊन अर्धा तास येथे बसावे.

पुढे काम्पो सांता मार्गेरिता लागतो. येथील जुन्या मासळी विक्रीच्या जागेवर एक दगडी पाटी आहे, तीवर कोणता मासा किती लांबीचा असल्याशिवाय विकू नये, हे कोरलेले आहे. लहान पिल्ले पकडली तर पुढच्या वर्षी खाडी रिकामी राहील, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना कळत होते. जुन्या काम्पोंमध्ये दगडी कठड्याच्या बंद विहिरीही दिसतील. त्या झऱ्याच्या विहिरी नव्हत. भोवताली खारे पाणी असल्यामुळे चौकाखाली चिकणमातीने लिंपलेली टाकी करून तीत वाळू भरत, पावसाचे पाणी फरशीतील जाळ्यांतून त्या वाळूत गाळले जाई आणि मधल्या नळीतून शेंदले जाई. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले, तोवर शहराची तहान यांवरच भागत होती. विहिरीची जागा एकदा कळली, की काम्पोची फरशी त्या जाळ्यांकडे किंचित उतरती का आहे, हेही कळते.

तेथून सान त्रोव्हासोच्या कालव्याकाठी जावे. पलीकडच्या काठावर लाकडी घरांसारखे दिसणारे आवार म्हणजे ‘स्क्वेरो’, गोंडोला बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखाना. आत जाता येत नाही, पण समोरच्या काठावरून उपड्या घातलेल्या होड्या स्पष्ट दिसतात. सुमारे अकरा मीटर लांबीचा गोंडोला नीट पाहिला तर तो एका बाजूला झुकलेला आहे, हे लक्षात येते. नावाडी मागे उभा राहून एकाच बाजूने एकच वल्हे मारतो, त्यामुळे होडी दुसरीकडे वळू नये म्हणून तिची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटीमीटर रुंद ठेवलेली असते.

याच कालव्याच्या टोकाला त्सात्तेरे हा दक्षिणेकडे तोंड केलेला लांब धक्का आहे. पाय मोकळे करण्यासाठी दिवसातली ही सर्वात योग्य जागा. अर्धा-पाऊण तास येथे बसावे, बाकांवर बसायला कोणी हरकत घेत नाही.

साडेचार नंतर: बोट

येथून दिवसाचा दुसरा भाग सुरू होतो. सार्वजनिक बोटीला ‘वापोरेत्तो’ म्हणतात. ७५ मिनिटांचे एक तिकीट साडेनऊ युरोंना आणि २४ तासांचा पास २५ युरोंना मिळत आला आहे. म्हणजे तीन फेऱ्या होणार असतील तर पास घ्यावा, दोनच होणार असतील तर सुटी तिकिटे. बोटीत चढण्यापूर्वी तिकीट धक्क्यावरील यंत्राला लावणे अनिवार्य आहे. ते विसरल्यास खिशात तिकीट असूनही दंड होतो. धक्का तरंगता असल्यामुळे हलतो, रेलिंग धरून उभे राहावे. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, कारण गर्दीच्या बोटी खिसेकापूंच्या आवडीच्या आहेत.

त्सात्तेरेहून २ क्रमांकाच्या बोटीने सान जोर्जो माज्जोरे या बेटावर उतरावे. वास्तुकार पाल्लादिओने आखलेल्या चर्चच्या घंटाघरावर लिफ्टने जाता येते. बंद होण्याची वेळ ऋतूनुसार बदलते, ती आधी पाहून ठेवावी. सान मार्कोच्या मनोऱ्यावरूनही देखावा चांगला दिसतो, पण तेथून तो मनोरा स्वतः दिसत नाही. येथून तो समोरच दिसतो, आणि शहर किती थोड्या जमिनीवर उभे आहे, हेही दिसते. सुमारे ११८ छोटी बेटे, गाळात ठोकलेले लाकडी खांब, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पाणी न शोषणारा इस्त्रियाचा दगड, अशी ही बांधणी आहे. हवेचा स्पर्श नसल्यामुळे गाळातले लाकूड शतकानुशतके टिकले. पूर्वेकडे लिदोची लांब पट्टी दिसते. तिच्या दोन्ही टोकांशी आणि किओज्जा गावाशी खाडी समुद्राला मिळते, त्या मुखांत मिळून उधाण अडवणाऱ्या ७८ पोलादी झडपा समुद्रतळाशी बसवलेल्या आहेत. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी उधाणाचे पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले होते. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, या झडपा पहिल्यांदा उधाणासाठी उचलल्या गेल्या आणि शहर कोरडे राहिले. ऑक्टोबर ते जानेवारीत जाणाऱ्यांनी तरीही भरतीचा अंदाज रोज पाहावा, कारण कमी उंचीच्या भरतीला झडपा उचलत नाहीत आणि सखल भागांत पाणी येऊ शकते.

बेटावरून समोर सान झाक्कारिआ धक्क्यावर यावे आणि सूर्यास्ताच्या सुमारास १ क्रमांकाची, पियात्साले रोमाकडे जाणारी बोट पकडावी. ही बोट प्रत्येक धक्क्यावर थांबते, म्हणूनच ती निवडायची. मागचा किंवा पुढचा उघडा भाग मिळाला तर उत्तम. एकट्याला एक जागा सहसा मिळते. सकाळी ज्या घरांच्या पाठी आपण गल्ल्यांतून पाहिल्या, त्यांची तोंडे आता समोर येतात. तळमजल्यावरचे रुंद दार थेट पाण्यात उघडते, कारण माल तेथेच उतरवला जाई. वरच्या मजल्यावरील उंच खिडक्यांची रांग म्हणजे घराण्याचे दिवाणखाने. पंधराव्या शतकातील का’ दोरो हा वाडा उजव्या हाताला येतो, त्याची नक्षीदार जाळी संध्याकाळच्या उजेडात फार सुंदर दिसते. रिआल्तोच्या अलीकडे नव्हे, पलीकडे लगेचच जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीची मोठी इमारत लागते. मलबारची मिरी याच पाण्यावरून उत्तर युरोपला जात असे.

सान मार्कुओला येथे उतरावे. पाच-सात मिनिटांच्या चालीवर घेत्तो आहे. १५१६ मध्ये गणराज्याने शहरातील ज्यू लोकांना या एका बेटावर राहण्याची सक्ती केली. रात्री दारे बंद होत आणि पहारा असे. ‘घेत्तो’ हा शब्द येथील जुन्या ओतशाळेच्या नावावरून आला आणि पुढे जगभर पसरला. जागा वाढवता येत नसल्यामुळे घरे उंच होत गेली. सात-आठ मजल्यांच्या, बुटक्या छतांच्या या इमारती शहरात अन्यत्र दिसत नाहीत. १७९७ मध्ये दारे काढली गेली. आवाज न करता चौकाला एक फेरी मारावी, येथे आजही प्रार्थना होतात आणि माणसे राहतात.

रात्रीचे जेवण जवळच्या फोंदामेन्ता देल्ला मिझेरिकोर्दियावर घ्यावे. विद्यार्थी आणि स्थानिक मंडळी तेथे काठावर उभी असतात आणि एकट्या माणसाला उशिरापर्यंत निर्धास्त वाटते. तेथून स्थानक पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मेस्त्रेच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून ठेवलेली असावी, आणि तिकीट कागदी असेल तर फलाटावरील यंत्रात ते शिक्का मारून मगच गाडीत चढावे.